दूर उभी राहिलेली बहीण
(पवित्र कुटुंबाच्या सणानिमित्त मनन)



नाताळ होऊन थोडेच दिवस झाले आहेत. वेदीशेजारचा गोठा अजून तसाच आहे. मिस्सानंतर लहान मुले तेथे गर्दी करतात, गव्हाणीतल्या बाळ येशूला हात लावून पाहतात, आणि मागे उभ्या असलेल्या आया-आज्या त्यांना हळूच दटावतात. हे दृश्य पाहून कोणाचे मन प्रसन्न होणार नाही?

आजच्या शुभवर्तमानात मात्र गोठ्यातली ती शांतता संपलेली आहे. हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला आहे. स्वप्नात देवदूताची सूचना मिळताच योसेफ रात्रीच उठतो आणि मरिया व बाळ यांना घेऊन इजिप्तची वाट धरतो. परका देश, नवी वस्ती, हाताला काम नाही, ओळखीचे कोणी नाही. तेथे आजी नाही, मावशी नाही. त्या घरात रोज सकाळी कोणते बोलणे होत असेल, हे संत मत्तयने लिहून ठेवलेले नाही. पण ज्यांच्या घरी लहान मूल आहे आणि हातावर पोट आहे, त्यांना ते सांगावे लागणार नाही. आज कामाला जायचे, तर बाळाकडे कोण पाहणार? आणि पाहणाऱ्याला पैसे द्यायचे, तर ते आणायचे कोठून?

पवित्र कुटुंबाच्या सणाला आपण बहुधा कुटुंबातील प्रेमाविषयी बोलतो. आज आपण या एका साध्या, रोजच्या प्रश्नाविषयी मनन करू या.

एके काळी आपल्या वसईत हा प्रश्न फारसा पडत नसे. घरात माणसे पुष्कळ असत. आई वाडीत केळींना पाणी लावायला गेली किंवा फुले-भाजी घेऊन मुंबईच्या बाजाराला गेली, तरी ओटीवर आजी असे, आत्या असे, शेजारची काकू असे. बाळ रडले की ज्याचा हात मोकळा असेल तो पाळण्याची दोरी ओढी. त्याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. आज अनेक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत. कुटुंब दोन खोल्यांत आले आहे. नवरा-बायको दोघेही पहाटेची विरार लोकल पकडतात. आजी-आजोबा दूर राहतात, किंवा त्यांनाच कोणीतरी सांभाळावे लागते. आपल्या धर्मग्रामात बाहेरगावाहून आलेली कुटुंबेही आता बरीच आहेत. त्यांचे तर येथे कोणीच नसते. पाळणाघरे आहेत, पण त्यांची फी आहे. शिवाय दूध, औषधे, बालवाडीचा खर्च, रिक्षाचे पैसे. ज्या घरात दोन चांगले पगार येतात, ते घर हे सारे निभावून नेते. ज्या घरात एकच कमावते माणूस आहे, आणि तेही रोजंदारीवर, त्या घराने काय करावे?

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट सांगतो. त्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या तयारीच्या वर्गातून नऊ वर्षांची एक मुलगी सलग चार रविवार गैरहजर होती. आम्ही आधी मनातल्या मनात तिच्या पालकांनाच दोष दिला. मग घरभेटीला गेलो. दार त्या मुलीनेच उघडले. तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ होता. आम्ही विचारले, "बाळा, वर्गाला का येत नाहीस?" ती म्हणाली, "फादर, मी आले तर ह्याला कोण बघणार?"

बोलता बोलता कळले की वर्गच नव्हे, तिची शाळाही सुटत चालली होती. वडील वारल्याला वर्ष झाले होते. आई वसई पूर्वेला एका लहानशा कारखान्यात कामाला जात होती. काम जास्त असेल तेव्हा रविवारीही. पाळणाघराची फी तिच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक होती. दोन महिने तिने ती भरली, तिसऱ्या महिन्यात भाडे थकले. मग तिने बाळाला पाळणाघरातून काढले आणि मुलीला शाळेतून घरी ठेवले. संध्याकाळी ती कामावरून आली. आम्ही म्हटले, "बाई, आम्हाला एका शब्दाने तरी सांगायचे." ती खाली पाहून म्हणाली, "फादर, मागायची सवय नाही आमच्या घराला."

बंधुभगिनींनो, हे शब्द आमच्या मनातून गेले नाहीत. कारण वर्षभर चर्चच्या फलकावर सरकारी योजनेचा कागद लावलेला होता. संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची पेटी दाराशीच होती. मदत एका काठावर होती आणि ते लेकरू दुसऱ्या काठावर. आम्ही कागद लावून मोकळे झालो होतो. काठ ओलांडून कोणी गेले नव्हते.

ज्या इजिप्तमध्ये योसेफ आणि मरिया आज निघाले आहेत, त्याच देशात शेकडो वर्षांपूर्वी असेच एक बाळ आणि अशीच एक बहीण होती. निर्गमाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय घरी गेल्यावर अवश्य वाचा. फारो राजाने हुकूम काढला होता की इब्री लोकांना मुलगा झाला तर त्याला नदीत टाकावे. एका आईने आपल्या बाळाला तीन महिने लपवले. पुढे लपवणे अशक्य झाले, तेव्हा तिने लव्हाळ्याचा पेटारा घेतला, त्याला डांबर लावले, बाळाला आत ठेवले आणि पेटारा नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवून दिला. बाळाची बहीण थोड्या अंतरावर उभी राहिली. परंपरा तिला मिर्याम म्हणून ओळखते.

फारोची कन्या स्नानासाठी नदीवर आली. तिने पेटारा उघडविला. आत बाळ रडत होते. तिला त्याची दया आली. आता जरा थांबून पाहा. राजकन्येच्या मनात दया होती. राजवाड्यात धन होते. आईच्या उराशी दूध होते. आणि बाळ भुकेले होते. सगळे काही होते, तरीही ते बाळ उपाशीच राहिले असते, जर ती मुलगी पुढे झाली नसती. तिने धीर करून राजकन्येला विचारले की बाळाला दूध पाजायला इब्री स्त्रियांपैकी एखादी दाई बोलावून आणू का. राजकन्येने होकार दिला. मुलगी गेली आणि बाळाच्या आईलाच घेऊन आली. राजकन्येने त्या आईला सांगितले की या बाळाला घेऊन जा, त्याला पाज, आणि त्याचे वेतन मी तुला देईन.

पवित्र शास्त्रातील हे केवढे नवल आहे! आईला आपल्याच बाळाला वाढविण्यासाठी पैसे मिळाले, आणि तेही ज्याने बाळाला मारायला सांगितले त्याच राजाच्या घरातून. मोशेला वाचविण्यासाठी देवाने त्या दिवशी समुद्र दुभंगला नाही, आकाशातून अग्नी पाठविला नाही. त्याने तीन स्त्रियांकडून काम करून घेतले. एकीजवळ पैसा होता. एकीजवळ माया होती. तिसरीजवळ दोन्ही काठांची माहिती होती. मिर्यामने स्वतःचा एक पैसाही दिला नाही. तिच्याजवळ तो नव्हताच. तिने बाळावर नजर ठेवली, योग्य माणसाला योग्य वेळी विचारले आणि आईला हाताला धरून तेथपर्यंत नेले. एवढेच. पण तेवढ्याने मोशे वाचला, आणि पुढे मोशेच्या हातून देवाने आपली प्रजा सोडविली.

आपल्या त्या माउलीचे बोलणे पुन्हा आठवू या: मागायची सवय नाही. यात स्वाभिमान आहे आणि त्याचा आपण आदरच करतो. कष्टाने खाणे ही आपल्या लोकांची शिकवण आहे. परंतु लेकरासाठी हात पुढे करणे ही लाज नव्हे. संत लूक सांगतो की येशूला मंदिरात अर्पण करताना त्याच्या आईवडिलांनी पक्ष्यांच्या जोडीचे बलिदान दिले. का बरे? नियमाप्रमाणे बाळंतिणीने शुद्धीकरणाच्या वेळी कोकरू आणायचे असे. पण लेवीयच्या पुस्तकात गरिबांसाठी सवलत होती: ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांनी दोन पारवे किंवा दोन पिले आणावीत. मरिया आणि योसेफ यांनी ती सवलत घेतली. त्यांनी कर्ज काढून कोकरू आणले नाही. चार लोकांत आपण गरीब दिसू म्हणून ते घरी बसले नाहीत. देवाच्या पुत्राच्या आईने गरिबांच्या रांगेत उभे राहून गरिबांचा हक्क घेतला. मग आपल्यातील कोणा आईने उत्पन्नाचा दाखला काढायला का लाजावे? आणि मागी लोकांनी बाळापुढे ठेवलेले सोने मरियेने परत केले नाही, हेही लक्षात घ्या. परदेशी निघालेल्या त्या कुटुंबाला ते कामी आले असेल, असे अनेक प्रवचनकार म्हणत आले आहेत.

देणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बालकाच्या संगोपनाला हातभार लावणे हे ख्रिस्तसभेचे फार जुने काम आहे. याच आठवड्यात, २६ डिसेंबरला, आपण संत स्तेफनचा सण साजरा केला. स्तेफन कोण होता? प्रेषितांची कृत्ये सांगतात की यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक भाषिकांच्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले. अन्न होते, पण काही घरांपर्यंत पोहोचत नव्हते. तेव्हा प्रेषितांनी सात माणसे निवडून घेतली, आणि त्यांतला पहिला स्तेफन. वाटप नीट व्हावे म्हणून निवडलेला माणूस पुढे ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी झाला. तेव्हा यादी करणे, घरोघर जाणे, कागद पुरे करणे ही कामे वेदीच्या सेवेपेक्षा हलकी आहेत असे कोणी समजू नये.

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये रस्त्यावर टाकून दिलेली बाळे सापडत. १६३८ पासून संत व्हिन्सेंट डी पॉल आणि संत लुईझ द मारियाक यांनी त्यांचा सांभाळ हाती घेतला. काही वर्षांनी पैसा अपुरा पडला आणि मदत करणाऱ्या सधन स्त्रियांना वाटू लागले की हे काम आता थांबवावे. व्हिन्सेंटने त्यांना एकत्र बोलावून सांगितले, त्याचा सारांश असा: आजवर तुम्ही या मुलांच्या आया झालात, आता थोडा वेळ त्यांचे न्यायाधीश व्हा आणि ती जगावीत की मरावीत ते ठरवा. त्या बायकांना न्यायाधीश होणे जमले नाही. काम पुढे चालू राहिले.

त्याच पॅरिसमध्ये १८४४ साली फिर्मिन मार्बो नावाचे एक कॅथॉलिक गृहस्थ आपल्या भागातील मुलांच्या संस्थांची पाहणी करीत होते. थोड्या मोठ्या मुलांसाठी शाळा होत्या. परंतु कामकरी आईच्या अंगावरच्या बाळासाठी काहीच नव्हते. त्यांनी शायो भागात दिवसभर बाळांना सांभाळणारे एक घर सुरू केले. आईने थोडे पैसे द्यायचे, उरलेला खर्च दानातून भागवायचा. त्या घराला त्यांनी नाव दिले 'क्रेश'. फ्रेंच भाषेत क्रेश म्हणजे गव्हाण! बाळ येशूला जिच्यात निजविले तीच ही गव्हाण. आज जगभर पाळणाघराला क्रेश म्हणतात. आपल्या देशाच्या इंग्रजी कायद्यातही तोच शब्द आहे. थोड्या दिवसांनी आपण वेदीजवळचा हा गोठा आवरून ठेवू. पण आपल्या गल्लीत एखाद्या कष्टकरी आईचे बाळ सुरक्षित झोपले असेल, तर तेथे गव्हाण वर्षभर मांडलेली आहे असे समजा.

हा केवळ दयेचा प्रश्न नाही, न्यायाचा आहे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमाविषयी 'लाबोरेम एक्झर्चेन्स' हे परिपत्र लिहिले. कामाचा मोबदला कुटुंबाला पुरेल इतका असावा, नाहीतर कुटुंब भत्ता किंवा मुलांना वाढविणाऱ्या मातेला साहाय्य मिळावे, अशी शिकवण त्यांनी त्यात दिली आहे. मूल वाढविणारी आई समाजाचे काम करीत असते. तिला समाजाकडून जे मिळते ती भीक नव्हे.

आता मदत कोठे मिळते ते सांगतो. हे प्रवचनात कशाला, असे कोणी म्हणू नये. राजकन्येनेही बाळाच्या आईशी वेतनाबद्दलच बोलणे केले होते.

पहिली जवळची जागा म्हणजे अंगणवाडी. एकात्मिक बालविकास सेवा २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात सुरू आहे. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना पूरक आहार, लसीकरणासाठी मदत, आरोग्य तपासणी, आणि तीन वर्षांवरील मुलांना शाळापूर्व शिक्षण तेथे विनामूल्य मिळते. गरोदर व स्तनदा मातांनाही आहार मिळतो. जात-धर्म विचारला जात नाही. आपल्यातील काही जणांना अंगणवाडी म्हणजे कमीपणा वाटतो. तो सोडून द्यावा.

अंगणवाडी काही तासांचीच असते; आईचे काम दिवसभराचे. त्यासाठी केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखाली २०२२ पासून 'पाळणा' योजना आहे. तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडले जाते. असे पाळणाघर प्रत्येक वस्तीत नाही. आपल्या जवळ आहे का, याची चौकशी अंगणवाडी सेविकेकडे किंवा पर्यवेक्षिकेकडे करावी. आणि नसेल तर दहा-वीस मातांनी मिळून मागणी अर्ज द्यावा.

ज्या मुलांचे आई किंवा वडील वारले आहेत, ज्यांना पालकांनी सोडले आहे, ज्यांचे आईवडील विभक्त आहेत, किंवा पालक दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. सावित्रीबाई व जोतीराव यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी फसलेल्या विधवांच्या बाळांना आसरा दिला होता. ते नाव येथे शोभते. मूल अनाथालयात न जाता घरातच वाढावे हा या योजनेचा हेतू आहे. १८ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक पात्र मुलामागे दरमहा २,२५० रुपये असे तिचे अनुदान २०२३ मध्ये ठरले. केंद्राच्या मिशन वात्सल्यखाली दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्वही आहे. त्याला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० व इतरत्र ९६,००० रुपये आहे. आपल्या मुलाला कोणती योजना लागू पडते, ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावे. आपला पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, तेव्हा आपले जिल्हा महिला व बालविकास कार्यालय पालघरला आहे. अर्जावर बालकल्याण समिती निर्णय देते.

या अर्जासाठी साधारणपणे आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, आणि पालक वारले असल्यास मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यूचा दाखला वेळेवर काढून ठेवा. रेशन कार्ड अजून सासू-सासऱ्यांच्या नावावर असेल तर ते वेगळे करण्याचे काम आधी हाती घ्या. बहुतेक अर्ज तेथेच अडतात. आणि अर्ज मंजूर करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

पहिल्या बाळंतपणासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड असलेल्या घरात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला शासनाच्या 'लेक लाडकी' योजनेत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये मिळायचे आहेत. या दोन्हींची माहिती अंगणवाडी सेविकेकडे मिळते.

नोकरी करणाऱ्या मातांनी आणि कारखाने-कार्यालये चालविणाऱ्या आपल्या बांधवांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ दिले पाहिजे, ही तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. आपल्या धर्मग्रामात अनेक उद्योजक आहेत. ज्यांच्याकडे पन्नास नव्हे, पाचच बायका कामाला आहेत, त्यांना कायदा काही विचारणार नाही. पण शेवटच्या दिवशी प्रभू येशू विचारील. लहानग्याचा जो स्वीकार करतो तो आपलाच स्वीकार करतो, हे त्याने सांगून ठेवले आहे.

आपल्या घरी धुणे-भांडी करायला, आपली मुले सांभाळायला येणाऱ्या बायकांचाही विचार करू या. ती आपल्या बाळाला भरवीत असते तेव्हा तिचे बाळ कोणाकडे असते? कित्येक वर्षे आपण तिला हे विचारलेलेही नसते. ती कोणत्या धर्माची आहे याला महत्त्व नाही. राजकन्या इजिप्तची होती आणि बाळ इब्री होते.

प्रिय बंधुभगिनींनो, सरकारी अर्जाला महिने लागतात. मंजुरीनंतरही पैसा दरमहा वेळेवर येईलच असे नाही. बाळ मात्र रोज भुकेले होते. तो मधला काळ भरून काढणे हे आपले, धर्मग्रामाचे काम आहे. आपल्या पूर्वजांना हे जमत होते. एका बावखलावर कितीतरी केळी आणि कितीतरी घरे जगत. सावकारी कर्जाने लोक पिचले होते तेव्हा मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ साली वसईत सहकारी पतसंस्था सुरू झाली; तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. गरजेच्या वेळी एका धर्मगुरूने आणि साध्या शेतकऱ्यांनी मिळून वाट काढली. आपणही काढू शकतो.

म्हणून आम्ही आपल्यापुढे चार गोष्टी ठेवीत आहोत.

प्रत्येक मूलभूत ख्रिस्ती समूहाने आपल्यातून एक 'मिर्याम' निवडावी. ती स्त्री असो वा पुरुष. कोणत्या घरात लहान मुले आहेत आणि त्यांच्याकडे पाहायला कोणी नाही, हे तिने जाणून घ्यावे. आणि गरज असेल तेथे त्या आईबरोबर स्वतः कार्यालयात जावे.

पुढील महिन्यापासून दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या कार्यालयात अर्ज भरून देण्यासाठी मदत मिळेल. शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्यांनी आणि शिक्षकांनी यासाठी नावे द्यावीत.

संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या पेटीत या निमित्ताने केलेले दान फक्त पाळणाघराच्या फीसाठी वापरले जाईल. फी थेट पाळणाघरात भरली जाईल. कोणत्या घराला मदत मिळाली ते फलकावर लागणार नाही, वेदीवरून सांगितले जाणार नाही.

आणि ज्या आजी-आजोबांना वेळ आहे, त्यांनी शाळा सुटल्यानंतरचे दोन तास सभागृहात मुलांसाठी द्यावेत. तेथे नेहमी दोघांहून अधिक मोठी माणसे हजर असतील आणि दारे उघडी असतील. मुलांच्या सुरक्षिततेत आपल्याला कोणतीही ढिलाई नको.

त्या नऊ वर्षांच्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका तिच्या आईबरोबर तहसील कार्यालयात तीन वेळा गेल्या. पहिल्या वेळी रेशन कार्ड चालले नाही. दुसऱ्या वेळी साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्या वेळी उत्पन्नाचा दाखला मिळाला. मग दोन्ही मुलांचे अर्ज गेले. पहिला हप्ता अजून यायचा आहे. दरम्यान बाळ पुन्हा पाळणाघरात जाऊ लागले आहे. त्याची फी कोण भरते हे त्या आईलाही ठाऊक नाही. मुलगी शाळेत जाते. गेल्या रविवारी ती वर्गात पहिल्या बाकावर बसली होती. तिच्या कडेवर कोणी नव्हते. हातात फक्त वही होती.

मिस्सा संपल्यावर गोठ्याजवळ क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा: माझ्या गल्लीत, माझ्या इमारतीत असे एखादे बाळ आहे का, ज्याच्यापासून मी नुसता दूर उभा आहे? मिर्यामही आधी दूरच उभी होती. पण तिची नजर बाळावर होती, आणि वेळ आली तेव्हा ती पुढे झाली.

आपण प्रार्थना करू या. हे प्रेमळ पित्या, तुझ्या पुत्राला तू एका गरीब घरात वाढविलेस आणि परक्या देशात त्याचा सांभाळ केलास. आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक लेकराला कुशीची ऊब आणि वाढीचा हक्क मिळू दे. मागणाऱ्यांची लाज दूर कर, देणाऱ्यांचा गर्व दूर कर. आणि दोहोंच्या मध्ये उभे राहण्यासाठी, हे प्रभो, आम्हाला त्या बहिणीचे डोळे, तिचा धीर आणि तिचे पाय दे. हे मागणे आम्ही प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे करतो. आमेन.